तुळजाबाईंची साक्ष

सरकारी वकिलांच्या कार्यालयात हेमा कारकून होती. समन्स पोचली का ते बघायचं, खटल्याचे कागद लावून ठेवायचे, आणि साक्षीला आलेल्या माणसांना बाकावर बसवून धीर द्यायचा. हे शेवटचं काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. पण घाबरलेली माणसं पुकारा व्हायच्या आत घरी निघून जातात, हे पाहून तिनं ते अंगावर घेतलं होतं. "बसा पंख्याखाली, वारा सरकारी आहे," असं ती करड्या आवाजात म्हणायची.

तुळजाबाई हडपसरच्या पलीकडून यायच्या. त्यांची लेक तनुजा सासरच्या विहिरीत मेलेली सापडली होती. पाय घसरून पडली, असं नवऱ्याचं म्हणणं. तुळजाबाईंनी पोलिसांना सांगितलं होतं, की माझी पोर लहानपणापासून विहिरीत सूर मारायची, ती बुडेल कशी? नवऱ्यावरचा खटला बराचसा या बोलण्यावरच उभा होता.

तारखा पडत राहिल्या. कधी आरोपीचे वकील आजारी, कधी न्यायाधीशांची बदली. तुळजाबाई मात्र दर तारखेला हजर. डबा उघडून हेमापुढे भाकरी ठेवायच्या आणि लेकीबद्दल बोलत बसायच्या. ती मिरच्या तोडताना मोठ्यानं गायची, बघायला पाहुणे आले तेव्हा हसू आवरेना म्हणून आत पळाली होती, असलं काहीबाही. हेमानं तनुजाला फक्त पंचनाम्यात पाहिलं होतं. ऐकता ऐकता ती तिला ओळखीची वाटायला लागली. विश्रांतवाडीला घरी स्वतःची लेक तनया यायला जरा उशीर झाला, की हेमा दारात जाऊन उभी राहायची.

साक्षीच्या दिवशी तुळजाबाईंच्या हातात डबा नव्हता.

"हेमाताई, मला आठवत न्हाई म्हनलं, तर काय व्हईल?"

हेमाचा हात कागदांवरच थांबला. "कोण भेटलं तुम्हाला?"

"सासरची मानसं. तनुजाची लेक स्वराली त्यांच्यापाशी हाय. तनुजा गेल्यापासनं तोंड दिसलं न्हाई मला पोरीचं. जावयाचं दुसरं लगीन ठरलंय. म्हनत्यात, साक्ष फिरवा, पोर तुमच्याकडं धाडतो."

"नातीसाठी वेगळा अर्ज करता येतो, तुळजाबाई."

"त्येला किती वर्सं लागत्यात?"

हेमानं पुढ्यातले कागद पुन्हा सारखे केले. ती म्हणाली, "खरं तेच सांगा. मला दुसरं काही सांगता येणार नाही."

"तुमी काय केलं असतं?"

तेवढ्यात पुकारा झाला. सरकारी वकील सलिल सर झगा सावरत निघाले. "बाई तयार आहेत ना?"

"आल्यात," एवढंच हेमा म्हणाली.

तुळजाबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. सरांनी विचारलं, "तुमच्या मुलीला पोहता येत होतं का?"

त्यांनी कठडा घट्ट धरला. "न्हाई. पान्याला भ्यायची ती."

"सासरी त्रास होता?"

"न्हाई. सुखात नांदत व्हती."

सरांनी मागे न बघता हात पुढे केला. पोलिसांपुढचा जबाब हेमानं त्या हातात ठेवला. साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून सरांनी आपल्याच साक्षीदाराला उलट प्रश्नांनी घेरलं. प्रत्येक प्रश्नाला तुळजाबाईंचं एकच उत्तर, "म्या असं बोलले न्हाई." जावई मान खाली घालून ऐकत होता. हेमा भिंतीकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "इतकी वर्षं जेवू घातलंत त्यांना, चांगले पांग फेडले."

"जेवण त्या आणायच्या, सर," हेमा म्हणाली.

पुराव्याअभावी जावई सुटला.

पावसाळा संपत आला असताना तुळजाबाई अचानक कार्यालयाच्या दारात उभ्या राहिल्या. हेमानं त्यांना आत घेऊन खुर्ची दिली.

"पोर दिली त्यांनी. साळंत घातली."

"बरं झालं. खरंच बरं झालं."

"हां." तुळजाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आईची आठवन सांग म्हनती रातीला. सांगते. मेली कशी इचारलं, तर पाय घसरला म्हनलं."

हेमानं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"बाप येतो पोरीला भेटाया. पोर पळत जाऊन गळ्यात पडती त्याच्या. तिचा जीव हाय त्याच्यावर. मग त्याला बसा म्हनावं लागतं. च्या करून द्यावा लागतो." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "माझ्या हातानं, हेमाताई. पोरीदेखत जावईबापू म्हनते मी त्याला."

हेमानं आपली खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. दारातून कुणीतरी तिला हाक मारली. दुसऱ्या खटल्याचे साक्षीदार आले होते. ती उठली नाही. तुळजाबाई हुंदके देत होत्या, आणि त्यांचा खरखरीत हात हातात धरून हेमा नुसती बसून राहिली.