डावं चाक

मोटारीत भूत आहे म्हणणाऱ्याला मी दुकानात उभाही करत नसे. जुन्या जालन्यात माझं दुरुस्तीचं दुकान होतं. हैदराबाद संस्थानातल्या आमच्या भागात तेव्हा मोटारी बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे निम्मं आयुष्य कापसाच्या जिनिंगच्या इंजिनांतच जायचं. पण एखादी मोटार आली की माझा तोरा काही वेगळाच असे. टेंभुर्णीच्या एका जमीनदारांनी निरोप धाडला की मोटार एकाच जागी आपोआप थांबते, तेव्हा मला हसूच आलं. हत्यारांची पिशवी घेतली आणि निघालो.

मोटार काळी, विलायती, बरीच जुनी. ती चालवणारे पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. मी त्यांना मामा म्हणायला लागलो. त्यांनी मला गोठ्यामागं नेलं आणि हळूच म्हणाले, "मिस्त्री, मशीन बिघडलंय का, तेवढं खरं सांगा. न्हाईतर मंग ती हाय."

"ती कोण?"

"चला, दाखवतो."

रविवारची सकाळ होती. गावापासून कोसभर रस्ता सपाट आहे, ब्रेकला पाय लावायची गरजच पडत नाही. मग ओढ्याचा उतार लागतो. उतारावर डाव्या हाताला एक बाभूळ होती आणि तिच्याखाली चुना फासलेला एक दगड. मामांनी ब्रेकवर जेमतेम पाय टेकला असेल. मोटारीनं एकदम मान खाली घातली, स्टिअरिंगचं चक्र त्यांच्या हातात गरकन फिरलं आणि रस्ता सोडून आम्ही त्या दगडापाशी जाऊन थांबलो. इंजिन बंद पडलं. एक पाखरू बोलत नव्हतं. मेंढरांचा उग्र वास येत होता, आणि नजर पोचेल तिथवर एकही मेंढरू नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, हे लपवत नाही.

समोर बघतच मामा बोलू लागले. "दोन वर्सं झाली. मेंढरं घेऊन रस्ता पार करून राह्यली व्हती ती. एक कोकरू मागं राह्यलं, ते उचलाया वळली. मी ब्रेक दाबला, पन उशीर झाल्ता. ह्याच डाव्या चाकाखाली गेली. रविवारच व्हता. तवा मोटार थांबली न्हाई, मिस्त्री. आता नुसता पाय लावला की थांबते. रविवारी तर लईच."

तो दगड तिच्या घरच्यांनी मांडला होता.

मी कामाला लागलो. गाडी हळूहळू वाड्यावर आणली आणि जॅक लावला. मोटार एका अंगाला ओढत असेल तर त्या अंगाचं चाक आधी उघडायचं, पण मी मुद्दाम उजवं आधी खोललं. आत सगळं कोरडं, नुसती धूळ. मग डावं. ब्रेकचा ड्रम गोल होता, स्प्रिंग शाबूत. पण आतून ड्रमला घासणारे लायनर काळे आणि चिकट झाले होते. मी बोट लावून वास घेतला. ग्रीस नव्हतं. करडीचं तेल होतं, फोडणी घालतात ते.

"मामा, हे इथं कसं आलं?"

ते गोंधळले. "दर शनवारी तिच्या दगडाला तेल वाहतो. उरलेलं ह्या चाकाला. तिला मारलं ते त्यानंच ना? ती जास्ती धरायला लागली, तसं मी बी जास्ती वतू लागलो. म्हनलं, आजून राग गेला न्हाई तिचा."

मी पोट धरून हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. शनिवारी तेल, रविवारी ओढ! ड्रममागच्या पत्र्याच्या फटीतून तेल आत झिरपायचं, धुळीत कालवून चिकट व्हायचं आणि पाय टेकताच लायनर ड्रमला गच्च धरायचे. पहिला ब्रेक लागायचा तोच मुळी त्या उतारावर. मी हे सगळं फुशारकीनं समजावून सांगितलं, ड्रम पेट्रोलनं धुतला, नवे लायनर बसवले. मामा मान हलवत ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं गेलो. मामांनी उतारावर ब्रेक लावला, मोटार सुतासारखी सरळ उतरली आणि ओढ्यापार झाली. शाबासकीसाठी मी त्यांच्याकडे वळलो. ते गाडी थांबवून खाली उतरले आणि मागं वळून बाभळीकडे बघत राहिले.

"आता तिनं माझ्याकडं पाह्यलंबी न्हाई," ते म्हणाले.

मला रागच आला. काम चोख झालं होतं आणि या माणसाचा चेहरा मात्र दारातून हाकलून दिल्यासारखा.

दोन महिन्यांनी पुन्हा निरोप आला. मोटार पुन्हा थांबते. म्हाताऱ्यानं पुन्हा तेल ओतलं म्हणत मी तणतणतच गेलो. डावं चाक उघडलं. आत तेलाचा टिपूस नव्हता. स्वतः चालवून पाहिली, बिलकुल सरळ. मग मामांना चालवायला दिली आणि मी शेजारी बसून रस्त्याऐवजी खाली त्यांच्या पायाकडे बघत राहिलो.

बाभूळ आली. त्यांचा पाय उठला आणि ब्रेकवर पुरता दाबला गेला. हातांनी चक्र डावीकडे वळवलं. आम्ही दगडापाशी थांबलो.

मामांचे डोळे समोर लागलेले होते. "पाह्यलं, मिस्त्री? मी काहीच केलं न्हाई." पाय अजून ब्रेकवर गच्च होता, पिंढरीची शीर तटतटली होती. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ठाऊकच नव्हतं.

"खरं सांगा," ते म्हणाले, "मशीन हाय, का ती?"

मोटारीत भूत म्हणणाऱ्याला दुकानात उभा न करणारा मी. खालच्या त्या पायावरून माझी नजर हलत नव्हती.

"मशीन बराबर आहे, मामा," मी म्हणालो. "तीच आहे. या खेपेला तिनं वेळेवर थांबवली."

त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि पाय हळूच उचलला.