तिने हात लावला नव्हता

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या घरात सगळे धरून चालतात की माझ्या बायकोने कॉम्प्युटर बिघडवला, म्हणून तिची भावाशी शेवटची भेट हुकली. ते खरं नाही.

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बदलापूरच्या घरात मी कॉम्प्युटर घेतला. तिचा धाकटा भाऊ बंगळुरूला. दर रविवारी तो पडद्यावर दिसायचा. एकदा मिनिटभर लाईट गेली. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला, लाईट आल्यावर इंटरनेटच्या डब्यावरचे हिरवे दिवेही लागले, पण पडद्यावर नेट बंद असल्याची लाल फुली आली होती, ती जाईना. तिने नुकतंच टेबल पुसलं होतं. मुलांसमोर मी ओरडलो, "कळत नाही तर हात कशाला लावतेस?"

"अहो, फक्त धूळ पुसली."

मी यंत्र उचलून उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या दुकानात नेलं. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा. सगळं ऐकून हसला. "साहब, भाभीजी को क्यों डांटा? नेटवर्क कार्ड का ड्रायव्हर है. लाइन गयी तो सो जाता है, लाइन आयी तो उठता नहीं. आप उठाओ!" कार्ड जुनं, त्याचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, निघालाच नव्हता. कार्ड बंद करून परत चालू करायचं, नाहीतर सरळ कॉम्प्युटरच बंद करून सुरू करायचा. एवढंच.

घरी येऊन मी म्हणालो, "झालाय नीट. पण तू लांबच राहा." मुलांसमोर बोललो होतो, आता शब्द मागे कसा घेणार? पुढे जेव्हा जेव्हा फुली यायची, तेव्हा मी तिला चहा टाकायला पाठवायचो आणि तिच्या माघारी दोन बटणं दाबायचो. ती कौतुकाने म्हणायची, "तुमच्याच हाताला यश आहे हो."

त्या भाऊबीजेला तिचा भाऊ हॉस्पिटलात होता. दोन वाजता ऑपरेशनला आत नेणार होते, त्याआधी पडद्यावरच ओवाळायचं ठरलं. कॉल लावून ठेवून मी अंबरनाथला, बुवापाड्यात, माझ्या बहिणीकडे गेलो. एकच्या सुमाराला पाटावर बसलो होतो तेव्हा बायकोचा फोन आला. तिचा साधा, बटणांचा फोन.

"अहो, लाईट जाऊन आली. डब्यावर हिरवं आहे, पण तो दिसत नाहीये. काय करू?"

बंद करून चालू कर, इतकंच सांगायचं होतं. पण मग तिने विचारलं असतं, एवढंच होतं का? मी म्हणालो, "हात लावू नकोस. मी येतो."

बहीण म्हणाली, "दादा, सणाचं जेवल्याशिवाय उठायचं नाही हं." मी जेवलो. बासुंदी दुसऱ्यांदा घेतली.

घरी पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. निरांजन विझलं होतं. ती ताट मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती, पडद्यावर फुली तशीच. भाच्याचा फोन येऊन गेला होता. "आत्या, बाबा ताई ताई करत होते. आत नेलं आता." तिचा भाऊ ऑपरेशनमधून परत आला नाही.

दिवसकार्याला आलेल्या प्रत्येकाला ती सांगत होती, "माझ्याच हातून बिघडलं ते." मी शेजारीच बसलो होतो. मुलांनीही तेच ऐकलं आणि तेच खरं मानलं.

मुलांनो, तुमच्या आईने त्या दिवशी कशालाही हात लावला नव्हता. मी लावू नको म्हटलं होतं, म्हणून.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी मनाशी वाक्य जुळवून तिच्या उशाशी बसलो. "अगं, त्या कॉम्प्युटरचं..."

तिने माझा हात धरला. "त्या मशीनपायी तुम्हाला फार त्रास दिला मी. माफ करा हो."

मी म्हणालो, "असू दे."