सापतीची जोडी

चामडं मला चांगलं कापता येत होतं, हेच माझं सगळ्यात मोठं दुखणं होतं.

आष्ट्यात बाजाराच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं दुकान होतं. वडील तिथं बसून बैलांचं सामान करायचे. म्होरक्या, घुंगरांचे पट्टे आणि मुख्य म्हणजे सापत्या. बैलाच्या गळ्याखालून घेऊन जुवाला अडकवतात तो चामडी पट्टा म्हणजे सापती. गाडीला बैल दोन, म्हणून सापत्याही जोडीनंच करायच्या. हल्ली नायलॉनचे रंगीत पट्टे कुठंही मिळतात, पण उसाची भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलाचा गळा ते सोलून काढतात. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर गाडीवान आमच्याकडंच यायचे.

वडिलांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी आयटीआय संपवून शिरवळच्या एका कंपनीत नुकताच चिकटलो होतो. चार दिवसांची रजा टाकून आलो आणि तीन वर्षं राहिलो. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा. डावा चालायचा, पण त्या हातानं चामडं कापायची रापी धरता येत नव्हती. मग आमची एक रीत पडून गेली. म्हशीचं कमावलेलं कातडं ते जमिनीवर पसरायला लावायचे, त्यावरून डावा तळवा सावकाश फिरवायचे आणि आरीच्या टोकानं रेघ मारायचे. त्या रेघेवरून मी कापायचं. पाठीकडचं कातडं घट्ट असतं, ते ओढून वाढत नाही. पोटाकडचं सैल, वजन पडलं की ताणत जातं. एका जोडीच्या दोन्ही सापत्या एकाच पाठीवरून, अगदी शेजारी शेजारी कापायच्या, हा वडिलांचा कायदा. दोन्ही पट्टे सारखे वाढले तर जू सरळ राहतं.

कापून झालं की माझं काम सुरू व्हायचं आणि ते संपतच नसे. कड छोट्या पातीनं गोल करायची, भिजवून लाकडी मोगरीनं ठोकायची, मग शिंगाच्या तुकड्यानं चकचकीत होईपर्यंत घासायची. शेवटी वडील तयार सापती स्वतःच्या गळ्यात घालायचे आणि मला दोन्ही टोकं धरून ओढायला सांगायचे. "बैल बोलत न्हाई, आपल्याच गळ्याला इचारावं लागतं," म्हणायचे. शेजारचे दुकानदार हसायचे. मला लाज वाटायची.

हत्यारं आजोबांच्या वेळची होती. रापीच्या मुठीवर वडिलांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. पहिल्या वर्षी माझा अंगठा त्यात बसत नव्हता, मूठ हातात फिरायची. तिसऱ्या वर्षी एका सकाळी रापी उचलली आणि अंगठा त्यात बरोब्बर बसला. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. मी रापी खाली ठेवली आणि अंगठा सदऱ्याला पुसला.

जायचा विषय काढला की वडील नाही म्हणायचे नाहीत. म्हणाले असते तर भांडून निघून गेलो असतो. ते म्हणायचे, "येवढा हंगाम काढ, मग जा की. मी काय तुला दावं लावलंय?" आणि गिऱ्हाईक आलं की माझ्याकडं बोट करून कौतुकानं सांगायचे, "माझा हात आता ह्यो हितं बसलाय बगा." मी त्यांचा मुलगा राहिलो नव्हतो, हात झालो होतो. हाताला कुठं जायचं असतं? तो तोडूनच न्यावा लागतो. मला त्या कौतुकाचा संताप यायचा आणि संताप आल्याची शरमही वाटायची. चामड्याचा वास नखांत, डब्यात, अंथरुणात भरला होता. आंघोळ करून शहरात, विश्रामबागेत मित्राकडं गेलो तरी मी खिडकीजवळची जागा धरून बसायचो.

तिसऱ्या दिवाळीआधी कंपनीतून सुपरवायझरचा फोन आला. त्यांनी याआधी दोनदा मला सांभाळून घेतलं होतं. म्हणाले, "डिसेंबरच्या एक तारखेला हजर राहा. यापुढं मी फोन करणार नाही."

त्याच आठवड्यात जतकडचा एक गाडीवान जोडी सांगून गेला होता. धनगराचं घर, मेंढरं सोडून बैलगाडीवर आलेला, हंगामभर उसाच्या वाहतुकीला जायचा. वडिलांनी त्याची जोडी पाठीवर आखून दिली आणि ते दवाखान्यात गेले. मी एक सापती रेघेवरून कापली. दुसरी पोटाकडून कापली. आखलेल्या जागेचे लहान लहान तुकडे करून म्होरक्यांना वापरून टाकले.

हे मी ठरवून केलं. पट्टा ताणणार, गाडीवान बोंबलत येणार, वडील म्हणणार, पोराच्या हाताला वळण न्हाई, जाऊ दे त्याला. शिव्या मी खाणार आणि सुटणार. तेवढाच माझा विचार होता. बैल त्यात कुठंच नव्हता.

ती सापती मी इतकी ठोकली आणि इतकी घासली, की आयुष्यात तेवढं काम मनापासून केलं नसेल. ठोकल्यानं सैल कातडंही काही दिवस घट्ट लागतं. वडील आले. त्यांनी एक पट्टा चाचपला, दुसरा चाचपला. दुसऱ्यावर तळवा पुन्हा फिरवला आणि थांबले.

"हे पाठीचं न्हवं?"

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण घाबरलो, आणि तोंडातून निघून गेलं, "आण्णा, तुमीच आखलंय की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "व्हय, व्हय," म्हणाले आणि सापती गळ्यात घातली. मी टोकं धरली. रोजच्यापेक्षा हळू ओढलं.

कारखाना सुरू होऊन पंधरा दिवस झाले नसतील. गाडीवान दुपारी दुकानासमोर आला, सोबत उजव्या बाजूचा बैल. खांदा आला होता त्याचा. सुजून वर आलेला, वरची कातडी फाटलेली, त्यावर हळद थापलेली आणि माश्या. सापती वाढत गेली होती, जू त्या बाजूला हलत राहिलं होतं आणि भरलेल्या गाडीचं वजन घेऊन खांद्यावर घासत राहिलं होतं. अख्खा हंगाम पुढं होता आणि त्याची गाडी उभी राहिली होती.

तो बोंबलला नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि वडिलांना म्हणाला, "आवं मामा, तुमच्या हातचं हाय म्हणून मी बगितलंच न्हाई. दुसऱ्याचं असतं तर रोज तपासलं असतं."

बोलायची वेळ ती होती. मी उठलोही. पण वडिलांनी सापती त्याच्या हातातून घेतली, ओढली, वाकवली, आणि माझ्याआधी तेच बोलले.

"पोटाचं आखलं मी. चूक माजी हाय, पोराची न्हाई. त्यानं रेघंवरनंच कापलंय." मग आपला डावा तळवा उघडून त्याच्याकडं बघत राहिले. "हात गेला तवा वाटलं, कळतंय तरी अजून. आता तेबी गेलं."

मी खाली बसलो. मोगरी उचलून बाजूला ठेवली, परत उचलली. भ्याडपणाच तो, दुसरं नाव त्याला नाही.

वडिलांनी मला सांगितलं, बरी पाठ बघून दुसरी जोडी तूच आख आणि तूच काप, मी हात लावणार न्हाई. गाडीवान जोडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी हत्यारं गोणपाटात गुंडाळायला लावली. "ज्याला पाठ-पोट कळत न्हाई त्यानं बैलाच्या गळ्याला हात घालू नये," म्हणाले. "तू जा शिरवळला." तीन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते असं आलं. एक तारखेला मी कंपनीच्या गेटवर हजर होतो.

आता वडील माझ्याकडंच असतात, शिरवळला, दोन खोल्यांत. बाहेर हायवेचा आवाज, आत टीव्ही. गोणपाट पलंगाखाली आहे, ते कुणी सोडत नाही. पण वडिलांचा तळवा गप्प बसत नाही. मी ड्यूटीवरून आलो की ते माझे चामडी हातमोजे मागतात, त्यांवरून हात फिरवतात. बायकोची पर्स, माझी चप्पल, शेजाऱ्याच्या सायकलीची गादी, काही सोडत नाहीत. आणि प्रत्येक वेळी माझ्याकडं बघतात, शाळेत गुरुजींकडं बघावं तसं.

"पोटाचं हाय न्हवं हे? का पाठीचं?"

एकदाही चुकत नाहीत. एकदाही नाही. मी म्हणतो, "बरोबर हाय आण्णा." ते हसतात. "तू उगं म्हाताऱ्याचं मन राखतोस."

परवा मी नवा कमरेचा पट्टा आणला. त्यांनी तो मागून घेतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळवा नेला, मधे थांबले, पुन्हा मागं आले.

"हितनं जोडलंय," म्हणाले. "हिकडचं पाठीचं, हे म्होरलं पोटाचं."

मी खिडकीजवळ नेऊन पाहिलं. रंगाखाली, नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाही असा जोड होता. तीन वर्षं चामडं कापूनही मला दिसला नव्हता. मी म्हणालो, "आण्णा, तुमचं कधी चुकलंच न्हाई."

माझा आवाज वेगळा लागला असावा. त्यांनी मान वर केली. मी पुढं बोलेन म्हणून थांबले, चांगले थांबले. मग पट्टा गुंडाळून माझ्या हातात देत स्वतःच म्हणाले, "न्हाई रं. त्या गाडीवानाच्या वक्ताला मला पयल्यांदा पोटाचंच लागलं हुतं. पण तू म्हणालास मीच आखलंय, मग म्हटलं, माजाच हात खोटा."

मी पट्टा घेतला आणि कमरेला घालून बघितला. नीट बसला.