रंग दिलेला सांधा

साताऱ्याहून आम्ही पहाटे पाचला निघालो, मी आणि आई. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आईला तिला बघायचं होतं. बसचा प्रवास आईच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून मी आमची बारा वर्षांची छोटी गाडी काढली. मुंबईत स्वतः गाडी नेण्याची माझी ही पहिलीच वेळ. बोरघाट उतरलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. आई मागच्या सीटवर डुलकी काढत होती.

दादरला पोचेपर्यंत मी स्वतःवर खूश होते. चौकात उजवीकडे वळताना मात्र काहीतरी विचित्र वाटलं. मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी जराशी उशिरा वळली. मला वाटलं, थकवा असेल. परळ मागे टाकून लालबागच्या पुलाखाली आलो. तिथे चाक एका खड्ड्यात आपटलं, खाडकन आवाज झाला आणि स्टिअरिंगला असा हिसका बसला की माझी मनगटं दुखली. मी गाडी कडेला घेतली.

समोर डंक (मिरची-मसाला कुटायचं यंत्र) चालू होता. हवेत लाल तिखट भरलेलं, आम्ही दोघी शिंकून हैराण. डंकवाल्या बाईंनी विचारलं, "बंद पडली काय?" मी आवाजाचं सांगितलं, तर त्यांनी मागच्या गल्लीकडे बोट केलं. "बाबीकाकांना दाखवा. हळू न्या, अगदी चालत गेल्यासारखी."

बाबीकाका साठीचे, मूळचे मालवणकडचे. त्यांनी आईला बसायला स्टूल दिलं, जॅक लावून पुढचं डावं चाक उचललं आणि मलाच बोलावलं. "मॅडम, दोन्ही बाजूंनी धरा. आता हलवा, डावीकडे उजवीकडे."

मी हलवलं. चाक पडायला आलेल्या दातासारखं हललं. नुसतं हललं नाही, आत कुठेतरी टक टक वाजलंही.

"हा टाय रॉड एंड. स्टिअरिंग आणि चाक जोडणारा सांधा. आत गोळा असतो, आपल्या खांद्यासारखा. तो झिजला." मग त्यांनी विचारलं, "खयसून इलात?" (कुठून आलात?)

"साताऱ्याहून. घाटातून."

नट सोडवून त्यांनी तो भाग बाहेर काढला आणि वरचा दांडा दोन बोटांनी ओढला. हातोडी नाही, पाना नाही. गोळा वाटीतून निघून त्यांच्या तळहातावर आला.

"ह्यां बघा," ते म्हणाले. "हा चालत्या गाडीत निघाला असता तर चाक एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे."

घाटात मी एक हात स्टिअरिंगवर ठेवून आईला मागे पाण्याची बाटली दिली होती. शेजारून ट्रेलर जात होता.

"पण हे मागच्या महिन्यातच बदललेत," मी म्हणाले. "आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये. मुंबईला जायचं म्हणून मुद्दाम बदलून घेतले."

बाबीकाकांनी तो भाग उजेडात धरला. वरून छान काळा होता. त्यांनी नखाने खरवडलं, खाली गंज. फाटक्या रबरी टोपीवरसुद्धा काळा रंग होता. "नवीन पार्टच्या रबराला रंग कोण लावेल?" ते हळू आवाजात म्हणाले. उजवीकडचाही तसाच निघाला.

ते नमुने कापडात गुंडाळून मी टॅक्सीने गिरगावात गेले. तिथे एका रस्त्याला नुसती गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. दुकानदाराने नवा सांधा माझ्या हातात दिला. त्याचा दांडा हलवायला मला अंगठ्याने जोर लावावा लागला. मग त्याने माझा उजवीकडचा जुना आडवा धरला. दांडा आपल्याच वजनाने खाली लोंबला. "ह्याच्यावर गाडी चालवली तुम्ही?" त्याने विचारलं. मी मान हलवली. शेजारचं गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं.

दोन नवे घेऊन परत आले तोवर बाबीकाकांनी जुने प्रत्येकी किती आट्यांनी सुटले ते खडूने फरशीवर लिहून ठेवलं होतं. एकोणीस. दोन्ही नवे तेवढेच आटे आत फिरवले, नटांत नव्या पिना घातल्या. मग परळला नेऊन चाकांची अलाइनमेंट करून घेतली. स्टिअरिंग इतकं नेमकं वळायला लागलं की मला आपली गाडी ओळखू येईना.

डिलाईल रोडच्या चाळीत मावशीने आमच्यासाठी मोरीचं (लहान शार्क माशाचं) मटण आणि घावणे केले होते, डोळ्याला पट्टी असताना. आई जेवली. माझा घास फिरत राहिला. "तिखट झालं का गो?" मावशीने विचारलं. मी नाही म्हटलं आणि मग दोघींना सगळं सांगितलं. मावशीने आईचा हात धरला तो जेवण होईपर्यंत सोडला नाही.

दोन दिवसांनी साताऱ्याला परतलो. मी आईला घरी सोडून तशीच गॅरेजवर गेले आणि ते दोन्ही सांधे मेकॅनिकच्या टेबलावर ठेवले. पंधरा वर्षं तो मला ताई म्हणतो. त्याची मुलगी मी शिकवते त्या वर्गात आहे. तो भांडेल, नाकारेल, असं धरून मी वाक्यं जुळवली होती. त्याने सांधे ओळखले आणि खाली बघितलं.

"ताई, तुमची गाडी शाळा ते घर. मला वाटलं, एवढ्याला चालून जाईल."

"मी मुंबईचं सांगितलं होतं."

"लोक सांगतात, ताई. जात नाहीत."

मी सांधे उचलले आणि निघाले. एवढ्या प्रवासात घाट, खड्डा, निघून आलेला गोळा, कशानेही मी इतकी गार पडले नव्हते. आमचा जीव त्याने मोजला होता, थंड डोक्याने, आणि अंदाज चुकला एवढंच.

घरी आईने विचारलं, "काय म्हणाला?" मी शब्दन् शब्द सांगितला.

"पण दर दिवाळीला," ती म्हणाली, "तो माझ्या पाया पडायला येतो गं."