टॉकीजमधला सांभार

कोथिंबीर, म्हणजे आमच्याकडचा सांभार, चिरायला घेतला की मेहकरची टॉकीज आठवते. लहानपणी एका कार्टून पिक्चरच्या दुसऱ्या भागासाठी मी आठवडाभर नाचत होते. पण बाबांनी बाजारात विकायला आणलेला सांभार संपेना आणि खेळाची वेळ होत आली. शेवटी बाबांनी उरलेल्या जुड्या पिशवीत भरल्या. "चाल, या जुड्यायलेबी दाखवू पिक्चर." अंधारात घमघमाट सुटला. मागून कोणी विचारलं, "कोन भाजी करून राह्यलं बे?" सगळ्यांत मोठ्यानं बाबाच हसले. पडद्यावरची मुलगी मोठी होऊन घर सोडून निघाली, तेव्हा मात्र "काऊन एवढी घाई करून राह्यली हे पोरगी?" म्हणत त्यांनी माझा हात घट्ट धरला. बाबा गेल्यानंतर काल पहिल्यांदाच, लेकीसोबत, तो पिक्चर पुन्हा पाहिला. त्याच प्रसंगाला मी तिचा हात धरला. "आई, हाताला सांभाराचा वास येतो तुझ्या," ती म्हणाली. मी हात सोडला नाही.