सुटे सूर

हत्तीचं पिल्लू कळपापासून मागे राहिलं होतं. ते रडत होतं, आणि त्याचं रडणं प्लास्टिकचं वाटत होतं.

प्लास्टिक हा शब्द रघुरामन सरांचा. चेन्नईच्या एका छोट्या कार्टून कंपनीचे ते डायरेक्टर. फोनवर तमिळ आणि इंग्रजी मिसळून म्हणाले, "वसंती, पळापळ छान झालीय. माकडांची मारामारी तर फर्स्ट क्लास. पण पिल्लू रडायला लागलं की माझी मुलगी हसते. काहीतरी करा."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. घराघरांत केबल आली होती आणि परदेशी कार्टूनं तमिळ बोलू लागली होती. एका चॅनेलला आपल्या मातीतलं कार्टून हवं होतं, म्हणून ही मालिका निघाली. तिचं संगीत माझ्याकडे होतं. मी आधी चेन्नईच्या सिनेमा-स्टुडिओंत कीबोर्ड प्रोग्रॅमर होते. आई आजारी पडली तेव्हा तंजावूरला परत आले. पुढे आई गेली, मी राहिले. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या माडीवर एक कॉम्प्युटर, एक कीबोर्ड, दोन स्पीकर, एक टीव्ही आणि भिंतींना कोरै गवताच्या चटया, एवढाच माझा स्टुडिओ. चटया बाहेरच्या ऑटोंचे हॉर्न थोपवण्यासाठी. ते थोपत नसत.

काम कसं चाले ते सांगते. बसच्या पार्सलने व्हिडिओ कॅसेट येई. चित्राच्या कोपऱ्यात आकडे पळत असत. त्याला टाइमकोड म्हणतात. माकड नेमकं कोणत्या क्षणी आपटतं ते त्यावरून टिपायचं. तो क्षण म्हणजे हिट पॉइंट. मग सॉफ्टवेअरमध्ये सूर मांडायचे. पडद्यावर ते लहान-मोठ्या पट्ट्यांसारखे दिसतात. माऊसने पट्टी सरकवली की सूर पुढे-मागे होतो. आपटण्यावर मृदंगाची थाप नेमकी बसली की मुलं हसतात.

हे सूर येत सॅम्पलमधून. सॅम्पल म्हणजे कोणा वादकाकडून एकेक सुटा सूर वाजवून घेऊन साठवून ठेवलेला. कीबोर्डची पट्टी दाबली की तो वाजतो. माझ्याकडच्या सॅम्पलच्या सीडीवरचं व्हायोलिन कोणत्या देशातल्या माणसाने वाजवलं होतं, मला माहीत नाही. त्याचा सा स्वच्छ होता, रेही स्वच्छ होता. पण आपल्याकडे रडणं सा आणि रे यांच्या मधे असतं. तिथे त्या सीडीवर काहीच नव्हतं.

आणि खालच्या मजल्यावर खरा व्हायोलिनवादक बसून होता. माझे थोरले भाऊ, मुकुंदअण्णा.

अण्णांनी सगळी तरुणाई चेन्नईत सिनेमाच्या व्हायोलिन सेक्शनमध्ये घालवली. एका गाण्याला वादकांच्या रांगाच्या रांगा बसत, त्यांतले एक. मग कीबोर्ड आले. एकाच माणसाच्या बोटांखाली सगळी रांग वाजू लागली. अण्णांना फोन येणं कमी झालं, मग थांबलं. लग्न केलेलं नव्हतं. ते घरी आले, व्हायोलिनची पेटी कपाटावर ठेवली आणि ओट्यावर पेपर वाचत बसू लागले. मी ज्या कामावर जगत होते, त्याच कामाने त्यांचं काम गेलं होतं. आमच्या घरात यावर कधी कोणी बोललं नाही.

त्या दिवशी मी खाली गेले.

"अण्णा, एक तुकडा वाजवाल का?"

"मज कशाला विचारतेस? तुझी मशीन आहे की."

"मशीनला रडता येईना."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "किती वेळ रडायचं?"

"अर्ध्या मिनिटाहून थोडं कमी."

"सरी, ठीक. टीव्ही लाव. पिल्लू बघू दे."

माडीवर येऊन पंखा बंद केला. त्यांच्या कानांवर हेडफोन दिला. त्यात क्लिक ट्रॅक असतो, म्हणजे वादकाला लय सांगणारी टकटक. अण्णांनी तो थोडा वेळ ऐकला आणि काढून ठेवला. जमिनीवर मांडी घालून बसले आणि टीव्हीकडे बघत वाजवू लागले. पिल्लू मान वळवतं, सोंड उचलतं, उत्तर येत नाही, सोंड खाली जाते. पहिल्या खेपेला अण्णा चित्राच्या जरा पुढे गेले. दुसऱ्या खेपेला सोंड आणि सूर एकाच वेळी खाली आले. रेकॉर्डिंग थांबवायचं बटण माझ्याकडून लगेच दाबलं गेलं नाही.

सरांचा फोन आला. "कोण आहेत हे? माझी मुलगी हसली नाही. गप्प बसली."

मी ते अण्णांना सांगितलं. "बरं," म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी दाढी होऊ लागली. त्यांनी चेन्नईहून नव्या तारा मागवल्या. खालून सराव ऐकू येऊ लागला. जेवताना मला विचारत, "पुढच्या भागात पिल्लाचं काय होतं?" मी सांगे. एकदा म्हणाले, "त्या कावळ्याला खालच्या मंद्रातली एक ओळ देऊ. लबाड आहे तो." कित्येक वर्षांत मी त्यांना पुढच्या कशाबद्दल बोलताना ऐकलं नव्हतं.

तीनचार भाग असे झाले. मग सरांचा पुन्हा फोन आला.

"वसंती, चॅनेलवाले शेवटपर्यंत एडिट बदलतात. सीन लहान झाला की अण्णांची ओळ मधेच तुटते. सॉफ्टवेअरमध्ये दाबून बसवता येईल?"

मी बसवून पाहिलं. याला टाइम-स्ट्रेच म्हणतात. ठोक्यांना, टाळ्यांना ते चालतं. अण्णांचं गमक, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात हेलकावत जाणं, त्यात पार चिरडून गेलं. पाण्याखालून कोणी हाक मारावी तसं वाटू लागलं. मी नाही म्हणून कळवलं.

"मग त्यांचे सुटे सूर पाठवा," सर म्हणाले. "सगळ्या सप्तकांतले. लांब, आखूड, हळू, जोरात. इथे आमचा प्रोग्रॅमर हवे तसे जोडेल. चित्र कितीही बदललं तरी अडणार नाही."

"आणि अण्णा?"

"त्यांना विश्रांती. या वयात दर आठवड्याला किती दमवायचं?" ते खरंच काळजीने बोलत होते. पुढे म्हणाले, "जमत नसेल तर सांगा. मग सगळंच काम मला इथे हलवावं लागेल. तारीख जवळ आलीय."

मी अण्णांसमोर बसून सगळं जसंच्या तसं सांगितलं. सूर दिले की त्यांची गरज उरणार नाही, बहुतेक माझीही नाही, तेही सांगितलं.

"गमक कोण घालणार?" त्यांनी विचारलं.

"कीबोर्डला एक चाक असतं. फिरवलं की सूर वाकतो."

"चाक!" ते म्हणाले.

"अण्णा, नको म्हणून सांगू या."

"नको म्हटलं तर दुसरा कोणी देईल. त्याचा षड्ज कसा असेल, कोण जाणे. लेकरं ऐकणार ते. देऊन टाक."

सुट्या सुरांचं रेकॉर्डिंग फार कंटाळवाणं असतं. एक सूर ओढायचा, तो पूर्ण विरेपर्यंत हलायचं नाही, मग पुढचा. अण्णा सवयीने म्हणाले, "टीव्ही लाव."

"याला चित्र नसतं, अण्णा."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे बघून वाजवू लागले. काही वेळाने हात आपोआप हलला. गांधार सरळ राहीना, हेलकावा घेऊ लागला. आयुष्यभर तो तसाच वाजवलेला. मला थांबवावं लागलं.

"अण्णा, सरळ हवा."

"हो. सरळ."

पुन्हा हेलकावा आला. पुन्हा मी म्हटलं, सरळ. असं चालू राहिलं. पुढे पुढे तर सूर इतके सरळ येऊ लागले की मला काही म्हणावं लागेना. ते जास्त वाईट होतं. काम आटपलं तेव्हा अण्णांनी तारांवरची राळ पुसली, पेटी बंद केली आणि मला विचारलं, "झालं ना सगळं? काही राहिलं नाही ना?"

काहीही राहिलं नव्हतं.

सूर गेले आणि कॅसेटी येणं थांबलं. सर एकदा फोनवर म्हणाले, "क्वालिटी सुपर आहे, अण्णांना थँक्स सांगा." मी सांगितलं.

मालिका रविवारी सकाळी लागली. आम्ही दोघं खाली बसून पाहत होतो. पिल्लाचा सीन पुन्हा कापलेला होता, संगीतही नवं बसवलं होतं. पिल्लू रडलं. सूर अगदी वेळेवर पडले, एकही चुकला नाही.

"सूर माझाच आहे," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "वाजवतंय कोण, ते काही समजेना."

नंतर ते सूर फिरत राहिले. एका कॉफीच्या जाहिरातीत आले, एका मेगा-सीरियलमध्ये बाई बेशुद्ध पडताना आले. अण्णांना पहिल्याच सुराला कळे. ते उठून ओट्यावर जात. पुढे त्यांनी टीव्हीच्या खोलीत बसणंच सोडलं. व्हायोलिनची पेटीही त्यांनी पुन्हा उघडली नाही. मी एकदोनदा विषय काढला. "देऊन टाकलं की सगळं," म्हणाले. चिडून नाही, एखादी वस्तू घरात नाही असं सांगावं, तसं.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती कंपनी बुडाली, रघुरामन सर मुलीकडे परदेशात राहायला गेले. ते सूर कोणाकोणाच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

मी अजून याच माडीवर काम करते. कोणी सुटे सूर मागायला आलं की नाही म्हणते. मग काम दुसरीकडे जातं. हो म्हटलं असतं तरी ते गेलंच असतं, फक्त थोडं उशिरा.