गेटवरचा फ्लेक्स आणि न सापडलेलं डार्क मॅटर

परवा रविवारी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा फ्लेक्स बघितला... आणि पायाखालची जमीनच सरकली.

मी पुण्यात फिजिक्समध्ये पीएचडी करते. विषय डार्क मॅटर. म्हणजे विश्वात ढिगाने आहे असं गणित सांगतं, पण अजून कुणालाही सापडलेलं नाही असं काहीतरी...

सुट्टीत सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या घरी आले की दुसरा नाद, पक्ष्यांचा. बाबांना स्कूटीवर मागे बसवायचं आणि नान्नजच्या माळावर माळढोक शोधायचा. तोही दिसत नाही. बाबा म्हणतात, "तुला न दिसणाऱ्याचीच लई हौस बघ!"

गेल्या आठवड्यात मात्र आमच्या प्रयोगाच्या डेटात काहीतरी दिसलं! जिथे काहीच असायला नको, तिथे चक्क थोडे ठिपके. आनंदाच्या भरात बाबांना सांगून बसले. एवढ्यात कुणाला सांगू नका, हे सांगायचं राहूनच गेलं...

परवा माळावर बाबा माळढोक शोधत जरा पुढे गेले असतानाच गाईड मॅडमचा फोन आला. ते ठिपके खोटे होते. टीमनेच मुद्दाम मिसळलेले! आमच्याकडे ही पद्धतच आहे. तपासणाऱ्याचं लक्ष आहे की नाही ते कळावं, म्हणून डेटात गुपचूप नकली सिग्नल टाकतात.

मला हे माहीत होतं हो... पण आपल्यालाच सापडलंय म्हटल्यावर कुठलं काय आठवतंय! मी एकही सोडला नाही म्हणून मॅडम खूश होत्या. मला मात्र रडू आवरेना.

घरी जाऊन बाबांना शांतपणे सांगू, असं ठरवलं. गल्लीत वळलो... आणि सोसायटीच्या गेटवर मी! दोन वेण्यांचा बारावीतला फोटो आणि 'डार्क मॅटरचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली अख्ख्या कमिटीचे हात जोडलेले फोटो. संध्याकाळी सत्कार म्हणे! खुर्च्यासुद्धा आल्या होत्या.

अरे देवा... तिथेच स्कूटी थांबवून मी बाबांना सगळं सांगून टाकलं. बाबा स्कूटीवरून उतरले. सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले होते ते, आता चार लोकांत त्यांचीच शोभा होणार होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात चेअरमन काका आले. त्यांनी सगळं ऐकलं, डोकं खाजवलं. "राहू द्या की हो. हितं कुणाला काय कळतंय?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते पटलं...

बाबांनी एक खुर्ची ओढली, वर चढले आणि फ्लेक्सची दोरी सोडायला लागले. "माझ्या पोरीला कळतंय की."

संध्याकाळी लोक जमले. बाबा प्रत्येकाला स्वतः सांगत होते, "न्हाय सापडलं अजून. माझीच घाई झाली. बसा, चहा घ्या."

मी अजून सावरलेले नाही. एवढ्या लोकांसमोर आपला शब्द मागे घ्यायला माझी तर जीभच उचलली नसती... थँक यू, बाबा.